गुरुवार शांत गेला

४ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी विहीणबाईंनी नाताळात दिली. पानोपानी कोपऱ्यात फुलपाखरं. एव्हरिलला, म्हणजे माझ्या लॉर्नाच्या सासूला, फुलपाखरू नसलेली वस्तू विकत घेताच येत नाही. महिनाभर कपाटावर पडून होती. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून आज लिहायला घेतली. माझा नवरा वॉटी होता तेव्हा संध्याकाळी मी त्याला दिवसभराचं सांगायचे आणि तो पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणायचा. कागद तेवढंही म्हणत नाही. पण मध्ये तोंडही घालत नाही.

आजचं: लीकच्या पातीचं बी पेरलं, दह्याच्या रिकाम्या डब्यांतून. स्वीट पीच्या फुलांचं बी रात्रभर भिजत घातलंय. मे महिन्यात चर्चच्या अंगणात रोपांची विक्री असते, तिथे माझी रोपं सगळ्यात आधी संपतात. जीन ऑलिव्हरची शेवटपर्यंत टेबलावर माना टाकून उभी असतात.

लॉर्नाचा फोन. पाच मिनिटं. पूर्वी दर रविवारी जेवायला यायची, नाताळपासून एकदाही आलेली नाही. दमते म्हणे. गालाशील्सहून इथे हॉइकला यायचं म्हणजे बसमध्ये नुसतं बसायचं, त्यात काय दमायचं? अडतीस वर्षांची बाई. तिच्या वयाची असताना मी गिरणीत दिवसभर दिव्याखाली मान मोडून बसायचे आणि घरी येऊन स्वयंपाक करायचे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आमचं विणकाम असतं. हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डासाठी टोपडी, झबली, दुपटी. दोन टोपल्या असतात. एक रंगीत, दिवस भरायच्या आधी जन्मून काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांसाठी. दुसरीत बहुतेक पांढरं. ती न जगलेल्यांसाठी.

आज जीननं सांगितलं, हॉस्पिटलवाले म्हणतात पांढरी आणखी लहान हवीत. पाच महिन्यांची, त्याहूनही आधीची बाळं असतात. मापासाठी तिनं पिशवीतून लिंबू काढून टेबलावर ठेवलं. जीनचे डोळे भरून आले, तिचे कशानेही भरतात.

"आण ती लोकर इकडे," मी म्हटलं. "रडत विणलं की टाका सैल पडतो."

तिनं केलेलं एक फिकट पिवळं टोपडं हातात घेऊन बघितलं. कडेला टाका सुटलेला. मी सरळ उसवायला घेतलं, तर तिनं माझ्या हातातून ओढून घेतलं.

"मेलेल्या बाळाला काय कळणार आहे गं, टाका कुठे सुटलाय ते?"

"त्याला नाही कळणार. मला कळतं."

"नेटा, तू ना, दगड आहेस नुसती."

असेन. तीस वर्षं गिरणीत तपासणीला आणि रफूला होते. काश्मिरी लोकरीचा स्वेटर उजेडापुढे धरायचा, दोष शोधायचा, काढायचा. माझ्या हाताखालून गेलेला माल एकदाही परत आला नाही. तिथे रडणाऱ्या बायका महिनाभरही टिकल्या नाहीत.

आणि मला यातलं काही कळत नाही असं थोडंच आहे? लॉर्नाचे दोन गेले, दोन्ही अगदी सुरुवातीला. मी काय गळा काढून बसले? तिला तेव्हाच समजावलं, अगं, काहीतरी दोष असणार, म्हणून निसर्गानं आधीच काढून टाकलं. सदोष माल आतल्या आत अडवलेला बरा, गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर फार मनस्ताप. तिला पटलं. पुढे एक अक्षर बोलली नाही.

लीकचे कोंब वर आले. हिरव्या केसासारखे, अजून वाकलेले.

२५ फेब्रुवारी, रविवार

लॉर्ना आली. क्रेग गाडीतून सोडून गेला, आत आला नाही, त्याला कुणाची तरी शिडी परत करायची होती. जावई म्हणून वाईट नाही, पण कायम कुणाची तरी शिडी परत करत असतो.

कोट काढला नाही तिनं. घरात चांगली ऊब होती. मी दोनदा म्हटलं, "काढ ना तो," तर म्हणे थंडी वाजते. चहा नको. नुसतं पाणी. मी बटाट्याचे गरम पॅनकेक केले होते, ते मात्र चार खाल्ले. मी म्हटलं, "थोडं बेतानं गं. पोट सुटलंय तुझं. कोटातूनसुद्धा दिसतंय."

ती एकदम हसली. लहानपणी काहीतरी लपवून ठेवलं की हसायची, तशी. आणि म्हणाली, "आई, एक सांगू?"

"सांग की."

मी मांडीवरचं विणकाम उचललं, हात रिकामे ठेवून मला ऐकता येत नाही. पांढरं झबलं होतं, नव्या मापाचं, तळहातात मावेल एवढं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हे... हे कुणासाठी?"

"हॉस्पिटलसाठी. जगत नाहीत त्यांच्यासाठी. आता याहून लहान मागतायत."

"आत्ता नको ना विणूस. मी आहे तोवर."

"मग काय, हातावर हात घेऊन बसू? तू सांग ना, मला ऐकू येतंय."

"काही नाही," म्हणाली. "तुझी रोपं छान आलीत."

अर्ध्या तासात क्रेगला फोन करून बोलावून घेतलं. मला वाटतं घर बदलायचं सांगायला आली होती. विहिणीच्या शेजारी घर रिकामं झालंय म्हणून ऐकलंय. जाऊ दे, मी काय अडवणार आहे?

१ मार्च, गुरुवार

बर्फ. दाराबाहेर गुडघ्याएवढं. बस बंद, दूध नाही. खिडकीतली रोपं उजेडाकडे लांब होतायत, काडीसारखी. दिवसातून तीनदा ट्रे फिरवते. दोन टोपडी, एक दुपटं. कुणाचा फोन नाही.

११ मार्च, रविवार. मातृदिन

लॉर्ना आली नाही, पण फोन केला. आवाज छान होता, म्हणजे गेल्या वर्षभरात नव्हता इतका. म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. समोर बसून सांगायचंय एक."

"फोनवर सांग की."

"नाही. समोर. आणि आई, त्या दिवशी विणकाम बाजूला ठेवशील?"

"आता त्याचा काय त्रास झाला तुला?"

"ठेव ना. एवढं ऐक माझं."

बरं म्हटलं. ठरलं असणार घराचं. आज ती एव्हरिलकडे जेवली, हे मला क्रेगच्या तोंडून कळलं. मातृदिनाला. मी टोस्टवर अंडं खाल्लं. जीन दुपारी येऊन तयार झालेली टोपली घेऊन गेली, उद्या हॉस्पिटलात पोचवते म्हणाली. पांढऱ्यांत वरती माझीच होती. मीच वर ठेवली.

१७ मार्च, शनिवार

मंगळवारपासून लॉर्ना फोन उचलत नाही. क्रेगनं एकदाच उचलला, "बरं नाहीये तिला, मी नंतर करतो," आणि बंद. नंतर कसला करतोय!

म्हणून आज लीकचं सूप करून बसनं गेले. दार विहीणबाईंनी उघडलं, स्वतःचं घर असल्यासारखं. ॲप्रन वगैरे. डोळे सुजलेले. यांना वसंतात दरवर्षी सर्दी होते.

"ती झोपलीय, नेटा," हळू आवाजात. "वर नको जाऊ या."

"मी तिची आई आहे."

"हो. पण तिनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"की तिला कुणी भेटायला नको. कुणीच."

"तुम्ही आहात की."

बैठकीत फुलं होती, तीन भांडी भरून. तापाला एवढी फुलं? मी विचारलं, झालंय काय? "बायकांचं दुखणं," एवढंच म्हणाल्या, आणि "तिला सांगू द्या हो." क्रेग मागच्या अंगणात पाठ करून उभा होता. मी काचेवर टकटक केली. तो वळला नाही.

सूप ओट्यावर ठेवलं आणि आले. एवढं सूप मांडीवर धरून गेले होते मी. रविवारी येणार होती ती आता येणार नाही, हे उघड आहे. बर्फानंतर उगवलेली कोबीची रोपं मात्र दणकट आहेत.

२२ मार्च, गुरुवार

इतका शांत दिवस कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

सकाळी ऊन. खरं ऊन, काचेतून पाठीला लागणारं. टोमॅटोची रोपं दोन-दोन पानांवर आली होती, ती एकेक करून वेगळ्या डब्यांत लावली. पेन्सिलीनं भोक पाडायचं, रोप देठाला न धरता पानाला धरायचं, खाली सोडायचं, बोटानं माती दाबायची. एकही मोडलं नाही. स्वीट पीचे शेंडे खुडले. विरळणी केली, जी मागे पडली होती ती उपटून टाकली, नाहीतर सगळ्यांचीच वाढ खुंटते. हात धुतले तरी दिवसभर मातीचा वास राहिला, मला तो आवडतो.

मग खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ती संध्याकाळपर्यंत. एक पांढरं झबलं पूर्ण केलं. गळ्याभोवती जाळीची बारीक कड घातली, ती माझ्या आईची कड, हॉइकमध्ये आता कुणाला येत नाही. आतून-बाहेरून सारखं. गाठ शोधून दाखवावी कुणीही. दुपारी सूप, वरून चीज. रेडिओवर जुनी गाणी होती. कुणी आलं नाही, फोन वाजला नाही, कुणाशी वाद झाला नाही. दुपारी दोनच्या सुमारास तर अशी छान पेंग आली की सुया हातात तशाच राहिल्या.

वॉटी गेल्यापासून मला वाटायचं, एकटीचा दिवस म्हणजे शिक्षा. पण तसं काही नाही. आज मला कुणाचीही कमी भासली नाही.

१० एप्रिल, मंगळवार

पाव आणला. कोबीची रोपं दिवसभर बाहेर ठेवली, वाऱ्याची सवय व्हायला.

हॉलमध्ये गेले नाही.

११ एप्रिल, बुधवार

काल जे झालं ते लिहिते.

बेकरीच्या रांगेत मिसेस डग्लस भेटली. तिची मुलगी लॉर्नाबरोबरच शाळेत शिकवते. तिनं माझे दोन्ही हात धरले, पिशवीसकट. "नेटा, बाळाचं ऐकलं. काय बोलू? एवढे महिने भरून... आणि त्या गुरुवारचा, बावीस तारखेचा, दुपारी दोनचा तो अंत्यविधी, माझी पोर सांगत होती, किती साधा आणि किती सुंदर झाला. ती तर घरी आल्यावरही रडत होती."

मागे पाच-सहा माणसं उभी होती.

"हो," मी म्हटलं. "सुंदरच झाला."

"तू धीराची गं बाई."

"करायचं काय मग?"

माझा नंबर आला. काय हवंय विचारलं तर मला आठवेना. चार पाव मागितले, मला दोन लागतात.

घरी येऊन ही वही उघडून मागचं पान वाचलं. गुरुवार, दुपारी दोन. पेंग आली होती, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय.

वाचल्यावर ओट्याशी जाऊन सगळी भांडी पुन्हा घासली.

मला समजत नाही ते एवढंच, की मी असं काय केलंय? शाळेतल्या पोरी तिथे. विहीण तिथे. आणि मी घरात टोमॅटो लावत बसलेली. लोक मला काय म्हणत असतील?

१४ एप्रिल, शनिवार

एव्हरिलला फोन केला. त्या स्वतः हॉइकला आल्या, चहाच्या दुकानात भेटलो. मी घरी बोलावलं नाही.

मुलगी होती. बावीस आठवड्यांची. तेरा मार्चला पहाटे झाली, जिवंत नव्हती. लॉर्ना आणि क्रेग दिवसभर आणि पुढची रात्रभर तिला घेऊन बसले होते. क्रेगनं तिला कादंबरी वाचून दाखवली म्हणे, दुसरं काय करायचं ते न सुचून. एव्हरिल हे सांगताना रडत होत्या. दुकानातली मुलगी दोनदा बघून गेली.

"घातलं काय होतं?" मी विचारलं.

"अं?"

"अंगावर. डोक्यावर. माझी टोपली आदल्याच दिवशी गेली होती तिथे."

एव्हरिलनी कप खाली ठेवला. "नेटा, ते राहू द्या ना."

"सांगा. तुम्ही होतात तिथे. मी नव्हते."

मग त्यांनी सांगितलं. नर्सनं टोपली आणली. लॉर्नानं सगळ्यात वरचं टोपडं उचललं आणि लगेच म्हणाली, "हे माझ्या आईचं आहे." नर्सला आनंद झाला, ती म्हणाली, "मग तर हेच घालू या, आजीचं." लॉर्नानं ते बराच वेळ हातात धरलं. उलटं करून आतून पाहिलं. मग परत टोपलीत ठेवलं आणि विचारलं, "दुसरं आहे का एखादं?"

"का पण?"

"ती एवढंच म्हणाली... 'यात काहीच चुकलेलं नाही.' असं म्हणाली."

"चुकलेलं नाही म्हणून नको? हे कसलं कारण?"

एव्हरिल माझ्याकडे बघत राहिल्या. तशा त्या मूर्ख बाई नाहीत, हे मी आज पहिल्यांदा लिहिते.

"मग कुठलं घातलं?"

"फिकट पिवळं होतं एक. जरा सैल विणीचं."

म्हणजे जीनचं. कडेला टाका सुटलेलं. माझ्या नातीच्या डोक्यावर.

बिल मी दिलं. दाराशी एव्हरिलनी माझ्या दंडाला हात लावला. "तुम्ही टोपड्याचं विचारलंत," त्या म्हणाल्या. "नाव नाही विचारलंत तिचं."

मी विचारणारच होते. मला वेळच कुठे मिळाला? आणि हे मला सुनावणाऱ्या तुम्ही कोण, असंही म्हणणार होते. पण बस आली होती त्यांची.

१७ एप्रिल, मंगळवार

हॉलमध्ये गेले. सगळ्यांना माहीत आहे. माहीत असूनही गेले काही आठवडे माझ्याशी रोपांबद्दल बोलत होत्या. बहुतेकींना वाटलं मी धीरानं घेतलंय, म्हणून विषय काढला नाही. जीन शेजारी येऊन बसली आणि लोकरीचा गुंडा करत राहिली. तिला सांगावं असं वाटलं, तुझं टोपडं होतं ते. नाही सांगितलं. ती आणखी रडली असती, आणि मला ते बघावं लागलं असतं.

पांढरं विणायला घेतलं. टाके घातले, पहिली ओळ, दुसरी ओळ. मग मोजताना चुकले. मी चुकत नाही. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा चुकले. सुया पिशवीत ठेवल्या.

६ मे, रविवार

न कळवता गेले. कळवलं असतं तर नको म्हणाली असती.

लॉर्ना मागच्या पायरीवर बसली होती, क्रेगचा स्वेटर घालून, कोपरावर भोक. वाळलीय. मला बघून उठली नाही, पण "ये" म्हणाली. "आत पसारा आहे. इथेच बस."

मी टोमॅटोची सहा रोपं नेली होती. पायरीवर ठेवली. दोघीही त्यांच्याकडेच बघत होतो.

"मला कळवायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली.

"सासूला सांगितलंस. अख्ख्या शाळेला सांगितलंस. मला बेकरीच्या रांगेत कळलं."

"एव्हरिलनं सांगितलं मला. त्याचं वाईट वाटलं, आई. खरंच वाटलं. मिसेस डग्लसनं असं..."

"मिसेस डग्लसचं सोड. तू का नाही सांगितलंस?"

तिनं स्वेटरच्या भोकात बोट घातलं आणि फिरवत राहिली. ते आणखी उसवत होतं. मी काही म्हटलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

"फेब्रुवारीत सांगायला आले होते. कोट घालून बसले होते तुझ्यापुढे, मनात ठरवून, की आता कोट काढायचा आणि तू बघायचंस. तू म्हणालीस पोट सुटलंय. मला हसू आलं. आणि मग तू ते मांडीवर घेतलंस."

"मला काय माहीत?"

"तुला काय माहीत. बरोबर आहे."

"मग नंतर? नंतर तर सांगायचं."

"नंतर मला तू काय म्हणशील ते माहीत होतं."

"मी काय म्हणणार होते?"

"दोष असेल काहीतरी. म्हणून गेलं." अगदी माझ्या आवाजात म्हणाली. मला माझा आवाज असा ऐकू येतो हे माहीत नव्हतं. "दोन वेळा ऐकलं मी ते. तिसऱ्यांदा, तिच्याबद्दल, नसतं ऐकवलं. सगळ्या तपासण्या झाल्या, आई. तिच्यात काहीही दोष नव्हता. नखंसुद्धा आली होती. माझ्यातही सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी कारण नसतंच."

"कारण असतंच," मी म्हटलं. "त्यांनी नीट बघितलं नसेल."

मला म्हणायचं होतं की हे डॉक्टर लोक निष्काळजी असतात. एवढंच म्हणायचं होतं. तिच्या बाजूनंच बोलत होते मी. तिनं डोळे मिटले आणि हसली, पण ते हसणं नव्हतं.

"बघ," म्हणाली.

आतून क्रेगनं खिडकी उघडून विचारलं, सगळं ठीक ना? ती हो म्हणाली. त्यानं मला मान हलवून हॅलो केलं. खिडकी उघडीच ठेवली.

"मी असते तर निदान," मी म्हटलं, "निदान तिच्या अंगावरचं तरी नीट..."

"माहीत आहे मला. सगळं नीट झालं असतं. सरळ, स्वच्छ, एक टाका इकडेतिकडे नाही. मला नको होतं नीट. नीट नव्हतंच ते."

मी रोपांचे डबे एका ओळीत सरकवले. मला राग येत होता. मग मी विचारलं. एव्हरिलनी म्हटलं होतं म्हणून नाही, माझं मीच.

"नाव काय ठेवलंत तिचं?"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. मला वाटलं आता सांगेल, ओठ उघडलेही होते तिनं.

"नको," म्हणाली. "तू त्यातही काहीतरी काढशील."

"नावात मी काय काढणार?"

"काढशील, आई. तुला कळणारही नाही काढलंस ते. आम्हाला तिचं तेवढंच मिळालंय. थोडे दिवस ते आमच्यापाशी राहू दे."

ती रागावून बोलली असती तर मीही रागावले असते. ती दमलेल्या माणसासारखी बोलत होती.

निघताना तिनं विचारलं, या रोपांना पाणी किती घालायचं. मी सांगितलं, माती कोरडी लागली की मगच. ती म्हणाली, "मी फोन करीन. मी करीन. तू नको करूस." बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, तिनं कधी करीन ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

१२ मे, शनिवार

रोपविक्री. माझी दुपारच्या आत संपली. कुणीतरी म्हणालं, नेटा, तुझ्या हाताला गुण आहे.

जीननं जूनसाठीची पांढरी लोकर पुढे केली. मी नको म्हटलं, मला मोठा स्वेटर घ्यायचाय करायला. कुणासाठी, तिनं विचारलं. स्वतःसाठी, म्हटलं. तिला ते खोटं वाटलं असणार. खोटंच आहे.

संध्याकाळी एव्हरिलचा फोन. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "नेटा, मी लॉर्नाला शब्द दिलेला नाही. तुम्हाला हवं असेल तर तिचं नाव मी..."

"नको," मी म्हटलं.

"पण तुम्ही आजी आहात. तुमचा हक्क..."

"एव्हरिल, नको सांगूस," मी म्हटलं. सतरा-अठरा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच अगं-तूगं केलं, आणि फोन ठेवला. का नको म्हटलं मला सांगता येणार नाही. त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, असंच असेल. मला त्या बाईचे उपकार नकोत.

२७ मे, रविवार

लॉर्नाचा फोन नाही.

दुपारच्या बसनं गालाशील्सला गेले, पण तिच्या घरी नाही. वर टेकडीवर दफनभूमी आहे, तिथे. जागा मला एव्हरिलनी त्या दिवशी चहाच्या दुकानात सांगितली होती, वरच्या कोपऱ्यात, भिंतीजवळ, लहान मुलांची. चढ आहे. दोनदा थांबले.

फार चुकीचं ठेवलंय सगळं. कागदी भिरभिरी, कापडी ससे, पावसात भिजून फुगलेले. कुणीतरी प्रिम्युलाचं फुलझाड इतकं खोल लावलंय की आठवड्यात कुजेल. गवत कापणाऱ्यानं कडा सोडून दिल्यात.

भिंतीलगत नावांच्या तीन नव्या पाट्या होत्या, लाकडाच्या, हातभर अंतरावर एकेक. तिन्हींखालची माती अजून बसलेली नव्हती. त्यांतली कुठली आपली, ते वाचल्याशिवाय कळलं नसतं. जिथे उभी होते तिथून मला नुसत्या काळ्या रेघा दिसत होत्या. चष्मा पिशवीत होता. हात पिशवीत गेला, चष्म्याच्या डबीला लागला, तसाच राहिला.

काढला नाही.

तिन्हींसमोर थोडा थोडा वेळ उभी राहिले. मग खाली येऊन बस पकडली.